मोक मिस्त्रींचा आखूड पलंग

मोक मिस्त्रींनी हयातभर जेवढे पलंग केले, त्यांतल्या निम्म्यांवर कधी कुणी झोपलंच नाही. झोपायला बंदी होती. प्रत्येक पलंगापाशी लाल दोर आणि 'कृपया बसू नये' अशी पाटी. लोक दोराबाहेर हात मागं बांधून उभे राहायचे आणि पलंगाकडं असे बघायचे, की देवळात गाभाऱ्यासमोर उभे आहेत असं वाटावं.

नमुना फ्लॅटचं सामान करणं हा मिस्त्रींचा धंदा. हाँगकाँगात बिल्डर इमारत बांधायच्या आधी विकतो. जमिनीत नुसता खड्डा असतो आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर एक लुटुपुटीचा फ्लॅट उभा असतो. कायद्यानं दोन दाखवावे लागतात. एक कोरा, भिंती-दारांसकट जसा ताब्यात मिळणार तसा, आणि एक सजवलेला. कोऱ्यातून लोक घाईनं बाहेर पडतात. सजवलेल्यात रेंगाळतात. तिथं दारं नसतात, भिंतींच्या जागी काच असते, आणि उरलेलं काम मिस्त्रींचं.

ते काम म्हणजे आखूडपणा. पलंग साडेपाच फुटी. सोफ्याची बैठक इतकी अरुंद, की मांजर आडवं झालं तर शेपूट खाली लोंबावं. कपाट पस्तीस सेंटिमीटर खोल. त्यात हँगर सरळ मावत नाही, म्हणून शर्ट तिरके टांगायचे, आणि शर्टही सहावीतल्या पोराच्या मापाचे. उशा लहान, बशा लहान, टीव्ही पुठ्ठ्याचा. सगळंच सारख्या प्रमाणात लहान असलं की डोळ्याला कशाचा आखूडपणा दिसत नाही, फक्त खोली मोठी दिसते. हे प्रमाण साधायला हात लागतो, आणि तो हात आख्ख्या क्वाय चुंगमध्ये मोक मिस्त्रींचा होता. बारा वर्षांत त्यांचं सामान कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाजवळ बोलून दाखवता येत नाही असा त्यांचा तो अभिमान होता.

एक गोष्ट मात्र ते पाळत. त्यांचा टेप जुन्या वळणाच्या सुतारांचा होता. बोटा-दोन बोटांवर शब्द छापलेले, काही लाल, काही काळे. लाल म्हणजे शुभ: धन, न्याय, पदवी, भांडवल. काळ्यात माणसाच्या वाट्याला जे जे वाईट येतं ते सगळं. वस्तूचं माप लालवर संपलं पाहिजे. चाळीस वर्षांत मिस्त्रींची करवत काळ्यावर टेकली नव्हती.

"मिस्त्री, पलंग एकशे पासष्ट," सजावटवाल्या केउंग बाईंनी नकाशा पुढं सरकवला. 'इम्पीरियल ब्रीझ' नावाच्या इमारतीचं काम होतं. तिथं ना साम्राज्य होतं, ना वारा.

मिस्त्रींनी टेप ओढला. "पासष्टला घात आहे बाई. अडुसष्ट करू."

"त्यावर झोपणार कोण आहे, घात व्हायला?"

"झोपत नसेना का कुणी. पलंग तर पलंग आहे ना?"

"अहो, चौरस फुटाला बावीस हजार भाव लावलाय! तीन सेंटिमीटर म्हणजे गंमत वाटली का तुम्हाला?"

"म्हणून तर म्हणतोय. अडुसष्टला भांडवल येतं."

केउंग बाई हसल्या. बिल्डरच्या माणसाला विचारून आल्या. त्याला भांडवल हा शब्द बेहद्द आवडला. पलंग एकशे अडुसष्टचा झाला, आणि दरवेळेप्रमाणं मिस्त्रींनी कागदावर सही केली: मापाबद्दल बाहेर कुठं बोलणार नाही. कागद मिस्त्रींनी वाचला नाही. बोलणार तरी कुणाशी? मिस्त्री मुळात बोलणारा गडीच नव्हता.

घरी बोलायचं काम बायको लाय-हो करायची. ती बंदरातल्या मासेमारी होडीवर जन्मलेली. जमिनीवर येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिचं बोलणं अजून पलीकडच्या होडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात चाले. सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांत ती, मिस्त्री आणि मुलगी पुई-शान. पुई-शान चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. एकतीस वर्षांची झाली होती. पाच वर्षांपूर्वी तिचं क्लेमेंट इपशी ठरलं होतं. क्लेमेंट शाळेत खेळाचा मास्तर, सहा फूट उंच, स्वभावानं गाय. आईबापांच्या घरात तो दुमजली खाटेच्या वरच्या माळ्यावर झोपायचा, खाली त्याचा धाकटा भाऊ. लग्न अडलं होतं ते घरापायी.

पहिलं घर घेण्याला इथं सगळे 'गाडीत चढणं' म्हणतात. गाडी कुठं चालली आहे हे कुणी विचारत नाही, लोंबकळायला मिळालं तरी नशीब.

एका संध्याकाळी वाफवलेला मासा ताटात यायच्या आधीच पुई-शान बोलायला लागली.

"बाबा, आज बघितला! दोनशे नऊ फूट. पण असा बसवलाय म्हणून सांगू! दोघांचा पलंग, बाजूला कपाट, खिडकीशी टेबल, आणि तरी मधून चालायला वाट."

"दोनशे नऊ?" लाय-हो म्हणाली. "आमच्या होडीवर नऊ माणसं झोपायची गं. पन होडी कंटाळा आला की दुसरीकडं नेता तरी यायची."

"आई, त्यात बावीस फूट बाल्कनी आहे."

"मंजी एकशे सत्त्याऐंशी. बाल्कनीत काय मासं वाळवनार?"

"कुठली इमारत?" मिस्त्रींनी विचारलं.

"इम्पीरियल ब्रीझ. हे बघा." तिनं फोन पुढं केला.

फोटोत मिस्त्रींचा पलंग होता. डोक्याकडच्या फळीवरची ती डोळ्यासारखी गाठ त्यांनी मुद्दाम मधोमध घेतली होती. मिस्त्रींच्या हातातल्या काड्या माशावर टेकल्या आणि तिथंच राहिल्या.

"किंमत?"

"सेहेचाळीस लाख डॉलर. क्लेमेंटचे बाबा थोडे देतायत, बाकी आमचे दोघांचे साठवलेले आणि बँक. तीस वर्षांत फिटेल. नाव नोंदवलंय. रविवारी सोडत आहे. आपला नंबर पुढं लागला तर त्याच दिवशी फ्लॅट निवडायचा आणि सही करायची."

"रविवारी," मिस्त्री म्हणाले.

"म्हाताऱ्या, मासा टोचतुयास का खातुयास?" लाय-हो म्हणाली.

त्या रात्रीपासून रविवारपर्यंत चार दिवस होते. परक्यांसाठी रचलेल्या जाळ्यात आपलीच पोर येऊन पडली होती. सांगावं, तर सही केलेली. सांगू नये, तर तीस वर्षं ती आपल्या आखूडपणाचे हप्ते भरणार.

आधी त्यांनी आडवाटेनं जाऊन पाहिलं. सकाळी म्हणाले, "त्या इमारतीच्या खिडक्यांसमोर पुलाचं वळण कोयत्याच्या धारेसारखं येतं. शकुन बरा नाही."

"तो पूल पाडणार आहेत, बाबा. पेपरात आलंय."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "भाव पडतील. जरा थांबा."

एवढं बोलायला नको होतं. लाय-होनं भांडं ठेवलं ते आवाज करूनच.

"पडतील! ऐकलंस का गं, भाव पडतील! तापाची साथ आली तवा गावभर लोक तोंडाला फडकी बांधून फिरत व्हतं, घरं निम्म्या किमतीला पडली व्हती, मी म्हनलं घिऊन टाकू. तवा ह्यो बाबा काय म्हनला? अजून पडतील! त्या दिवसापास्नं जे चढायला लागलं ते चढतंच हाय. ह्यानं तोंड उघडलं की भाव चढतुया. बिल्डरांनी ह्याला पगार द्याया पायजे."

पुई-शान हसली नाही. ती नुसती म्हणाली, "बाबा, आम्ही पाच वर्षं थांबलो." घरांच्या बाबतीत ह्या घरात मिस्त्रींच्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती, आणि तो दोष बिल्डरचा नव्हता.

शनिवारी ते म्हणाले, "मीपण येतो बघायला." लाय-हो चक्रावली, कारण ह्या माणसाला मॉलमध्ये न्यायचं तर आजवर तिथल्या डॉक्टरकडून दात काढून घ्यायचं निमित्त लागे.

मॉलखाली दलालांची झुंड होती. प्रत्येकाच्या अंगात काळा कोट, गळ्यात बिल्ला, आणि आरडाओरडा मासळीबाजाराला लाजवील असा. वर कोऱ्या फ्लॅटमध्ये चिटपाखरू नव्हतं. सजवलेल्यात मात्र रांग. मिस्त्री रांगेतून आत शिरले आणि स्वतःच्याच कामाकडं परक्यासारखे बघत राहिले. काम चांगलं झालं होतं. खोली खरंच मोठी वाटत होती. एक क्षण त्यांनाही वाटलं, की बरा आहे फ्लॅट.

कोपऱ्यात केउंग बाई उभ्या होत्या. त्यांची आणि मिस्त्रींची नजरानजर झाली. बाईंनी ओळख दाखवली नाही, फक्त एक भुवई वर केली.

मिस्त्रींनी लाल दोर उचलला.

"क्लेमेंट, झोप."

"काका?"

"पलंगावर झोप."

"काका, पाटी लावलीय."

"पाटी मला वाचता येते. झोप म्हणतो ना."

क्लेमेंट गाय होता म्हणून झोपला. डोकं फळीला लावलं, पाय लांब केले. मोज्यांतली दोन्ही पावलं, घोट्यांच्या वरपर्यंत, पलंगाबाहेर हवेत उभी राहिली. डाव्या मोज्याला भोक होतं. रांगेतल्या वीसेक माणसांनी ती पावलं पाहिली. मिस्त्रींनी सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. आता कुणीतरी ओरडेल, मग दुसरा ओरडेल, कुणी कपाटात हँगर घालून बघेल, कुणी पुठ्ठ्याचा टीव्ही उचलेल. मग हे सगळं एका घावात संपेल आणि आपल्याला तोंडानं काही सांगावं लागणार नाही.

"सर, हा परदेशी धाटणीचा पलंग आहे," दलाल पोरगी गोड आवाजात म्हणाली. "रक्ताभिसरणाला चांगला."

एक आजीबाई पुढं सरकल्या. त्यांनी क्लेमेंटची पावलं नीट न्याहाळली आणि मागं वळून मुलाला म्हणाल्या, "तू किती रे? पाच फूट चार ना? मग तुला बसतोय."

"मला पण बसेल," एक चष्मेवाला म्हणाला. "मी पाच-पाच."

"आमची सून पाचच्या आतली आहे," आणखी कुणीतरी म्हणालं, आणि त्या आवाजात असा ताठा होता, की जणू सून पाचच्या आतली बघून आणण्यामागं मोठी दूरदृष्टी होती.

"ओ उंच साहेब, उठा आता," आजीबाईंनी क्लेमेंटच्या पायाला टिचकी मारली. "आमच्या पोराला बघू दे पडून."

क्लेमेंट उठला. आजीबाईंचा पोरगा झोपला. बरोब्बर मावला. लोकांनी चक्क माना डोलावल्या. मग चष्मेवाला झोपला. बघता बघता पलंगाशी वेगळी रांग लागली. बुटक्या माणसांना जन्मात पहिल्यांदा आपण बुटके असल्याचा फायदा दिसत होता. दलाल पोरगी उंची विचारून नावं टिपून घेत होती. मिस्त्री दोर हातात धरून उभे राहिले, देवळातल्या पुजाऱ्यासारखे.

बाहेर मॉलच्या बाकावर ते जाऊन बसले. क्लेमेंट मोजे झाकायला बूट घालत होता. लाय-हो फुकटच्या पाण्याच्या बाटल्या आणायला गेली होती. पुई-शान शेजारी येऊन बसली.

"पुई-शान," मिस्त्री म्हणाले, "तो पलंग मी केलाय. कपाट, सोफा, सगळं. मुद्दाम लहान केलंय. बारा वर्षं हेच करतोय. सांगायचं नाही म्हणून सही केलेली आहे, पण तू उद्या सही करणार म्हणून सांगतोय. खोली दिसते तेवढी नाही. खरा पलंग घातलास तर दार उघडणार नाही."



"मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तिथल्या टेबलाचा खण मी चोरून ओढला. बंद करताना शेवटच्या दोन बोटांवर आपोआप मऊ सरकतो. तुम्ही केलेल्या आपल्या घरातल्या प्रत्येक खणासारखा. आणि कोरा फ्लॅट आम्ही मोजला. क्लेमेंटनं शाळेतली मोठी पट्टी आणली होती. झोपायची जागा भिंतीपासून भिंतीपर्यंत एकशे चौऱ्याऐंशी."

"मग मला फोटो दाखवून एवढं कौतुक कशाला सांगत होतीस?"

"तुम्ही केलंय म्हणून."

मिस्त्रींच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्यांनाही अनपेक्षित होतं. "म्हणजे... बाकीच्यांनापण कळतं?"

"सगळ्यांना कळतं. आईच्या मैत्रिणीसुद्धा नमुना फ्लॅट बघायला जातात ना, त्या घरून टेप घेऊन जातात."

"मग फसतं कोण?"

"कुणीच नाही, बाबा. फसल्यासारखं करतात. तेवढाच अर्धा तास बरा जातो."

मिस्त्रींना हायसं वाटायला हवं होतं. पोर डोळस निघाली होती. बापानं माफी मागायचीही गरज राहिली नव्हती. पण बारा वर्षं ज्या हातचलाखीवर मनातल्या मनात मिशीला पीळ भरला, ती कुणालाच लागू पडली नव्हती हे कळल्यावर माणसाला हायसं वाटत नाही.

"नको घेऊस मग," ते म्हणाले. "माहीत असून कशाला?"

"दुसरं काय आहे ते सांगा, घेते."

त्यांनी खरोखर विचार केला. लाय-हो बाटल्या घेऊन परत आली तोवर त्यांना काही सुचलं नव्हतं.

रविवारी सोडतीत सत्तरावा नंबर लागला. साठाव्यापर्यंत वरचे मजले गेले होते. पुई-शाननं सही केली आणि क्लेमेंटनं तिच्या सहीखाली. दोनशे नऊ फूट, नववा मजला. संध्याकाळी सगळ्यांनी भाजलेलं बदक खाल्लं. लाय-हो म्हणाली, "चढली बाई एकदाची गाडीत. आता ब्रेक नसला तरी चालंल."

सोमवारी केउंग बाईंचा फोन आला. मिस्त्रींनी धंदा गेला असंच धरलं होतं.

"काय तमाशा केलात, मिस्त्री!" बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तीनशे फ्लॅट गेले. वरून निरोप आलाय, पुढच्या वेळी पाटी काढा, लोकांना झोपू द्या. त्यामुळं जरा मजबूत करा. आणि एकशे साठ बसवा."

"एकशे साठला चोरी येते."

"मग?"

"बघतो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि तो पलंग कधी करायला घेतला नाही. नाहीही म्हणाले नाहीत. बाईंनी तीनदा विचारलं, तीनदा ते 'बघतो' म्हणाले, आणि चौथ्यांदा बाईंनी दुसरा सुतार बघितला. लाय-होला त्यांनी सांगितलं, की गुडघे दुखतात.

इमारत उभी राहायला दोन वर्षं लागली. ताबा मिळाला तेव्हा मिस्त्री टेप घेऊन पहिले आत शिरले. बाजारचं फर्निचर तिथं शिरणं शक्य नव्हतं. पलंग घातला तर कपाट नाही, कपाट घातलं तर माणूस नाही. बसेल असं सामान ह्या आकाराच्या घरांसाठी कुणी केलंच असेल तर ते एकाच माणसानं, आणि तेही कुणी राहण्यासाठी नव्हे. तीच मापं त्यांनी पुन्हा वहीत काढली. कपाट पस्तीस खोल, फक्त ह्या वेळी हँगर दाराकडं तोंड करून एकामागं एक अडकवायचा दांडा घातला, म्हणजे मोठ्या माणसाचे शर्ट मावतील. सोफ्याची बैठक अरुंद, पण खाली तांदळाचा डबा. टेबलाची फळी भिंतीवर मिटणारी. खोटं सामान करताना जे जे टाळलं होतं ते सगळं आत भरलं: वजन, बिजागऱ्या, पाय ठेवायला जागा.

अडलं ते पलंगाशी. जागा एकशे चौऱ्याऐंशी. जावई एकशे त्र्याऐंशी. मिस्त्रींनी टेप लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. एकशे शहात्तरला 'धन' होतं, पण जावयाचे पाय बाहेर. एकशे नव्वदला 'न्याय' होता, पण भिंतीच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या घरात. मधलं सगळं काळं. ऐंशीला आजार. आणि चौऱ्याऐंशीला वियोग.

नवराबायकोचा पलंग आणि वियोग! मिस्त्री तीन दिवस तो पलंग टाळत राहिले. खुर्च्या केल्या, कपाट पॉलिश केलं, नंतर पुन्हा एकदा पॉलिश केलं. चौथ्या दिवशी पुई-शान दुकानातून परस्पर वर्कशॉपवर आली.

"बाबा, पलंग सोडून सगळं झालंय. काय झालंय?"

त्यांनी टेप ओढला आणि अंगठा चौऱ्याऐंशीवर ठेवला. तिनं वाकून वाचलं.

"वियोग?"

"हं. शहात्तर करतो. क्लेमेंट पाय पोटाशी घेऊन झोपेल."

"तीस वर्षं?"

"मग काय करू? चाळीस वर्षांत काळ्यावर कापलं नाही. खोट्या पलंगाला कापलं नाही, तुझ्या लग्नाच्या पलंगाला कापू?"

पुई-शान आधी गालातल्या गालात हसली आणि मग तिला आवरेना. भुशाच्या पोत्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बाबा, दोनशे नऊ फुटांत वियोग होणार कसा? एकमेकांपासून लांब जायला जागा तर पाहिजे! भांडण झालं तर तो बाल्कनीत जाईल, आणि तिथून पण मला त्याचा श्वास ऐकू येईल."

मिस्त्रींनाही हसू आलं, पण त्यांनी ते टेप गुंडाळण्यात घालवलं.

"चौऱ्याऐंशी करा," ती म्हणाली. "त्याला पाय लांब करून झोपू दे."

ती गेल्यावर त्यांनी फळी घोडीवर चढवली. पेन्सिलीनं खूण केली, पुसली, पुन्हा केली. वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या देवाला एक उदबत्ती जास्त लावली. मग करवत घेतली आणि काळ्यावर कापलं. आवाज नेहमीसारखाच आला.

लग्नाच्या दिवशी थोरांना चहा द्यायचा विधी नव्या घरातच करायचा, हा पुई-शानचा हट्ट. तीस वर्षांचं कर्ज काढलंय तर निदान एकदा पाहुण्यांनी बघू दे, असं ती म्हणाली. पाहुणे होते सत्तावीस. खोलीत मावायचे पाच, त्यांतले दोघं गुडघे टेकून बसलेले नवरानवरी. बाकीचे कॉरिडॉरमध्ये वयाच्या क्रमानं भिंतीला टेकून उभे. लाय-हो दारात उभी राहून दवाखान्यातल्यासारखी नावं पुकारत होती: "थोरलं चुलतं! चुलती! या आत, बूट तिकडं काढा. न्हाई, तिकडं न्हाई, ते शेजाऱ्याचं दार हाय."

मिस्त्री नवरीचा बाप म्हणून सोफ्यावर आधीपासून होते. त्यांना बाहेर काढायचं तर क्लेमेंटला उठवावं लागलं असतं, म्हणून ते सगळ्यांच्या चहाला साक्षीदार राहिले.

क्लेमेंटची आत्या टोरंटोहून आली होती. तिच्या घराला दोन मोटारींचं गॅरेज होतं, आणि हे तिनं विमानतळावरच सगळ्यांना सांगितलं होतं. ती आत आली, मिस्त्रींशेजारी बसली, पेला हातात घेतला आणि इकडं तिकडं बघायला लागली. पलंग, कपाट, मिटलेलं टेबल. तिच्या कपाळावर आठी पडली, मग गेली.

"अगंबाई," ती म्हणाली. "मी तर ऐकलं होतं की काडेपेटी आहे. एवढं वाईट नाही गं! चांगलं ऐसपैस वाटतंय. फोटोवरून काहीच कळत नाही." मग मिस्त्रींकडं वळून तिनं विचारलं, "किती फूट म्हणायचं हो हे?"

पुई-शान गुडघ्यांवर बसलेली होती. दोन्ही हातांत पुढचा पेला. तिनं मान वर केली नाही, पण डोळे उचलून बापाकडं बघितलं. त्या नजरेत विनंती होती आणि जरासा धाकही.

आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्रींचं काम कुणालातरी खरोखर लागू पडलं होतं.

"मोजलं नाही कधी," मिस्त्री म्हणाले. "पण मोठंच आहे."

"मोठंच आहे," आत्यानं मान्य केलं. तिनं चहा संपवला, पुई-शानच्या हातात सोन्याची बांगडी चढवली आणि उठताना गुडघा टेबलाला आपटला, त्याचा दोष तिनं स्वतःच्या वयाला दिला.

"पुढचं या!" लाय-हो दारातून ओरडली, आणि बाहेर आणखी दोघांनी बूट काढले.